प्रतिदीप्त प्रतिपिंडे आणि पेशीतील विकरांचा शोध



परक्या पदार्थाला नेमके ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे. त्यांचा हा गुण प्रयोगशाळेतही उपयोगी पडतो. अमेरिकेतील आल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये प्रतिपिंडांना प्रतिदीप्त रंगद्रव्य जोडून दाखविले. असे रंगद्रव्य एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकते. त्यामुळे प्रतिपिंड जेथे चिकटते ती जागा उजळते. पुढे १९७५ मध्ये कोलर व मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची पद्धत शोधली. १९८४ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

या साधनाचे महत्त्व एका दुर्मीळ बालरोगावरून स्पष्ट होते. रक्तातील न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात. परंतु गिळलेला जंतू मारण्यासाठी त्यांना एनएडीपीएच ऑक्सिडेज या विकराची, म्हणजेच एन्झाइमची, मोठी मदत होते. हे विकर ऑक्सिजनपासून अतिशय क्रियाशील संयुगे निर्माण करते. जन्मतःच ते सदोष असल्यास ‘क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज’ हा विकार होतो. अशा बालकाला वारंवार गळवे होतात आणि फुप्फुसांत बुरशीचा संसर्ग होतो. इतर बालकांना संरक्षण देणारी बीसीजी लसही त्याच्या शरीरात संसर्ग पसरवू शकते. लक्षणे क्षयरोगासारखी भासल्यास निदानास विलंब होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

निदान करताना दोन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात. पहिला, विकर पेशीत आहे काय? या विकराचा जीपी-९१ हा घटक पेशीपटलात असतो. त्याला ओळखणारी प्रतिदीप्त प्रतिपिंडे रक्ताच्या नमुन्यात मिसळतात आणि फ्लो सायटोमीटर हे यंत्र लेसरच्या झोतातून जाणाऱ्या एकेका पेशीची चमक मोजते. पेशीच्या आत असलेल्या विकरांसाठी पेशी आधी स्थिर करून तिच्या पटलास सूक्ष्म छिद्रे पाडावी लागतात.

दुसरा प्रश्न, विकर काम करते काय? काही रुग्णांत प्रथिन उपस्थित असते, परंतु निष्क्रिय असते. तेथे केवळ प्रतिपिंडाची चमक दिशाभूल करील. म्हणून डायहायड्रोऱ्होडामिन हे द्रव्य पेशींना देऊन त्यांना उत्तेजित करतात. विकर कार्यक्षम असेल तर ते द्रव्य चमकू लागते. परंतु ही चाचणीही एकटी पुरेशी नाही. मायलोपेरॉक्सिडेज या दुसऱ्या विकराची उणीव असली तरी चमक घटते. अशा वेळी त्या विकराची प्रतिपिंडेच खुलासा करतात. दोष एक्स गुणसूत्रावरील जनुकात असल्यास वाहक मातेच्या पेशींचे दोन गट दिसतात, एक चमकणारा व एक न चमकणारा. पुढील अपत्याविषयी सल्ला देताना ही माहिती मोलाची ठरते.

मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची संस्था अशा चाचण्या करते. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रक्तगट संदर्भ केंद्रातून ती विकसित झाली.

येथे अंतराचा प्रश्न उभा राहतो. क्रियाशीलता तपासायची तर पेशी जिवंत हव्यात. नमुना शिळा झाल्यास निष्कर्ष भरवशाचा राहत नाही. मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग व राजनांदगाव यांच्यामधील रसमडा हे स्थानक परळपासून १,००० किलोमीटरहून अधिक दूर आहे. अशा गावातील बालकाच्या दृष्टीने चाचणी उपलब्ध असणे आणि वेळेत होणे या भिन्न गोष्टी आहेत. प्रादेशिक प्रयोगशाळा व प्रशिक्षित तंत्रज्ञ यांची गरज यातूनच निर्माण होते.

राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ मध्ये हा विकार पहिल्या गटात, म्हणजे एकदाच करावयाच्या उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या आजारांत, समाविष्ट आहे. मूळपेशी प्रत्यारोपण हा तो उपचार होय. अर्थसाहाय्याची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाख रुपये करण्यात आली. केईएम रुग्णालय हे धोरणातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. मात्र निदान झाल्यावाचून कोणतेही साहाय्य रुग्णापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे आरोग्यविषयक तरतुदींचा अभ्यास करताना उपचारांवरील निधीबरोबरच निदानाच्या सोयी कोठवर पोहोचल्या आहेत, हेही तपासणे आवश्यक आहे.