तेलाच्या पिंपांचं शहर

१९७१ साली सुनील गावसकरांनी पदार्पण केलं ते पोर्ट ऑफ स्पेनला. त्यांच्या धावा फळ्यावर लिहून मी छडी खाल्ली होती. आठवतंय ना, सर? पुढे त्रिनिदादच्या याच राजधानीत चार वर्षं नोकरी केली.

इंग्रजांनी १८८० च्या दशकात तिथे ढोलांवर बंदी घातली. गुलामांच्या वंशजांनी मग बांबू आपटले, बिस्किटांचे डबे बडवले आणि शेवटी तेलाची रिकामी पिंपं ठोकून स्टीलपॅन घडवलं. आज तेच राष्ट्रीय वाद्य! पण तेला-वायूचा पैसा खाली, किनाऱ्यावरच्या उंच इमारतींत. स्टीलपॅन जिथे वाढलं त्या लॅव्हेंटिलच्या टेकडीवर न्यायला टॅक्सीवाले कचरत.

मी पायीच चढलो. अंगणात एक आजोबा हातोडीनं सूर जुळवत होते. भारतातून आलोय म्हणताच हसून म्हणाले, “गावसकर?”