यशातील स्वाधीन भाग



अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्यांनी केलेला जो उपदेश तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आला आहे, तो भारतातील दीक्षान्त विधीचा जुना आधार मानला जातो. परंतु त्या उपदेशात शिष्याने कोणते पद मिळवावे याविषयी अवाक्षर नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. त्यात आहे ते नित्याचे आचरण. स्वाध्याय, म्हणजे स्वतःचे अध्ययन, आणि प्रवचन, म्हणजे शिकलेले दुसऱ्याला शिकवणे, यांत हयगय होऊ देऊ नये असे आचार्य सांगतात आणि त्याच ओघात स्वतःचे कुशल व ऐश्वर्य यांतही हयगय नको असे बजावतात. भौतिक उत्कर्षाला तुच्छ न लेखता त्याला रोजच्या वागणुकीशी बांधणारी ही दृष्टी, यशाच्या गुरुकिल्ल्या विकणाऱ्या आजच्या बहुतेक पुस्तकांपेक्षा अधिक प्रौढ आहे.

एखादी कृती ठरावीक प्रसंगी वारंवार केल्यामुळे पुढे फारसा विचार न करता घडू लागते, तेव्हा मानसशास्त्र तिला सवय म्हणते. नवी सवय 21 दिवसांत जडते, हा समज मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन शल्यविशारदाच्या 1960 सालच्या पुस्तकातून पसरला. वास्तविक शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या रूपाशी जुळवून घेण्यास रुग्णांना किमान एवढे दिवस लागतात, इतकेच त्याचे निरीक्षण होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांवर 12 आठवडे केलेल्या अभ्यासात हा काळ सरासरी 66 दिवसांचा आढळला, आणि व्यक्तीव्यक्तींतील अंतर 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत होते; यातील मोठा आकडा अर्थातच अभ्यासाच्या मुदतीपुढे गणिताने काढलेला आहे. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष विद्यार्थ्यांच्या अधिक उपयोगाचा आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत लक्षात यावा असा फरक पडला नाही. एका दिवसाच्या खंडामुळे संकल्पच सोडून देण्याची जी रीत वसतिगृहांतून आणि अभ्यासिकांतून दिसते, तिला शास्त्राचा आधार नाही.

शास्त्र सवय कशी जडते ते सांगते, कोणती सवय जडवावी हे मात्र सांगत नाही, आणि त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वऱ्हाडाला दूर जाण्याचे कारण नाही. अमरावती विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या गाडगेबाबांचे शालेय शिक्षण झाले नव्हते. 23 फेब्रुवारी 1876 रोजी आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर वडिलांच्या अकाली मृत्यूनंतर मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास आजोळी वाढले. वडील दारूपायी गेले होते. आणि मुलीच्या बारशाला मांस-मद्याचे जेवण घालण्याची जी रूढी होती, ती या तरुण शेतकऱ्याने भावकीचा रोष पत्करून मोडली व गोडाचे जेवण वाढले. सवयींवरील चर्चेत नव्या सवयी लावून घेण्याविषयी पुष्कळ बोलले जाते. घराण्यातून आणि जातगोतातून चालत आलेली सवय चारचौघांसमक्ष नाकारण्याविषयी फार कमी बोलले जाते, जरी ते काम कितीतरी अवघड असले तरी.

1905 साली घर सोडल्यानंतरच्या गाडगेबाबांच्या दिनक्रमात एक क्रम जवळजवळ नियमासारखा दिसतो: गावात शिरताच हाती खराटा घ्यायचा, रस्ते झाडायचे, कष्टाच्या बदल्यात भाकरी स्वीकारायची, आणि रात्री कीर्तनात प्रश्नामागून प्रश्न विचारून श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे. काम आधी आणि घास नंतर, हा तो क्रम होय. शिक्षित माणसाचा क्रम बहुधा उलटा असतो. तो आधी पद, वेतन आणि सुविधा यांची खात्री मागतो, मग कामाचा विचार करतो. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारण्याइतका लोकांचा पैसा बाबांच्या शब्दावर जमला, कारण त्या पैशाचा स्पर्श त्यांनी स्वतःच्या संसाराला होऊ दिला नाही. विश्वासार्हता हा स्वभावातील अलंकार नसून वर्षानुवर्षे एकाच रीतीने वागल्यामुळे साठणारे भांडवल आहे, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे चरित्र महाराष्ट्रात सापडणे कठीण.

गाडगेबाबांशेजारी पंजाबराव देशमुखांचे चरित्र ठेवले, तर उच्चशिक्षितांसाठी प्रश्न अधिक नेमका होतो. अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी 27 डिसेंबर 1898 रोजी शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या पंजाबरावांनी परदेशात बॅरिस्टरची पदवी घेतली आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहिला. अशा विद्वत्तेला मुंबईत किंवा दिल्लीत मान सहज मिळाला असता. परंतु परतल्यावर त्यांनी अमरावतीत वकिलीबरोबर बहुजन मुलांच्या वसतिगृहाचे काम हाती घेतले, 1927 साली अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी सत्याग्रह चालवला आणि पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. केंद्रात कृषिमंत्री असताना त्यांनी 1955 साली भारत कृषक समाज उभा केला आणि 1959च्या अखेरीस दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. या सर्व कामांत समान असलेली वृत्ती अशी, की कोणतेही काम त्यांनी स्वतःच्या उपस्थितीवर अवलंबून ठेवले नाही. शक्य तेथे त्याला घटना, सभासद आणि जागा असलेल्या संस्थेचे रूप दिले. 1965 साली त्यांचे निधन झाले, आणि चार वर्षांनी अकोल्यात स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

सवय एकट्याच्या निश्चयावर फार काळ तगत नाही, तिला सोबत लागते. 1914 साली वैद्य बंधूंनी अमरावतीत सुरू केलेल्या आखाड्यातून वाढलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनमध्ये भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली, तेव्हा त्या खेळाडूंच्या मागे रोज पहाटे ठरल्या वेळी एकत्र येणाऱ्या तालमीची शिस्त होती. 

येथवरच्या विवेचनातून कोणी असा निष्कर्ष काढील, की ज्याच्या सवयी चांगल्या तो यशस्वी आणि जो अपयशी त्याच्या सवयी वाईट; तर तो निष्कर्ष वऱ्हाडात तरी टिकत नाही. पहाटे उठणे, काटकसर, कष्ट आणि चिकाटी हे यशाच्या पुस्तकांतील सारे गुण अंगी असलेला कोरडवाहू शेतकरी, म्हणजे केवळ पावसावर पीक घेणारा शेतकरी, या प्रदेशात कर्जबाजारी होतो आणि प्रसंगी जीवही देतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजलच खारे असल्यामुळे विहीर खोदूनही ओलिताची हमी नसते. कापसाचा आणि सोयाबीनचा भाव दूरच्या बाजारांत ठरतो. पावसाचा खंड कोणाच्या शिस्तीला जुमानत नाही. यशाचे श्रेय पूर्णपणे व्यक्तीला देणारा विचार अपयशाचा दोषही पूर्णपणे व्यक्तीवर टाकतो आणि त्यामुळे सिंचन, पतपुरवठा व बाजार यांची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे ते अलगद सुटतात. सुशिक्षितांनी हा विचार पसरवू नये.

मग सवयींचे स्थान कोणते? कोणत्याही कार्याचा एक भाग परिस्थितीच्या अधीन असतो आणि एक भाग कर्त्याच्या हाती असतो. या दुसऱ्याला स्वाधीन भाग म्हणता येईल. सवयींचे क्षेत्र हा स्वाधीन भाग होय, आणि तो किती लहान परंतु किती निर्णायक असू शकतो, याचे उदाहरण घराघरांत आहे: पेरणीआधी सोयाबीनचे बियाणे तपासून पाहणे. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण नाजूक असल्याने मळणीत आणि साठवणीत त्याला इजा होते. 2020 च्या खरिपात बियाणे उगवले नाही अशा तक्रारी विदर्भ-मराठवाड्यातून मोठ्या संख्येने आल्या होत्या. पोत्यातून सरसकट घेतलेले 100 दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडून, गुंडाळी सावलीत ओलसर ठेवून, आठवडाभरात निरोगी कोंब मोजले, की उगवणक्षमता टक्केवारीत कळते. 70 किंवा त्याहून अधिक कोंब आले तर बियाणे पेरणीयोग्य, कमी आले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे किंवा बदलावे. या चाचणीला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, पदवीही लागत नाही. तिने पाऊस पडत नाही आणि भावही वाढत नाही, पण टाळता येण्याजोगे एक संकट टळते. तरीही ती अनेक घरांत होत नाही, कारण पेरणीच्या घाईत तपासून पाहण्याची सवय मागे पडते.

आजच्या पदवीधरांपैकी पुष्कळांची घरे शेतीवर उभी आहेत आणि त्यांतील काही थोड्याच दिवसांत स्पर्धा परीक्षांसाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे निघतील. त्यांनी अवश्य जावे. मात्र येत्या मृगाआधी एकदा घरी थांबून घरच्या आणि शेजाऱ्याच्या बियाण्याचे 100 दाणे स्वतः मोजावेत, आलेला आकडा वहीत लिहावा, आणि ही रीत घरातील धाकट्याला शिकवूनच गावातून निघावे.