फळबाग लावण्यापूर्वी चुनखडी पाहा



विहीर खणताना किंवा खोल नांगरट करताना मातीत पांढरे, गाठाळ खडे लागतात. आपण त्यांना चुनखडी म्हणतो. असा एक खडा कुटून त्याच्या पुडीवर लिंबू पिळा. लगेच फसफसून फेस येईल. आंबटपणाने चुना विरघळतो आणि त्यातून वायू सुटतो, त्याचाच हा फेस.

आता शेतात लिंबू कोण पिळणार? ते काम पाऊस करतो. नुसत्या पाण्यात चुना फारच थोडा विरघळतो. पण पिकाची मुळं आणि कुजणारा पालापाचोळा जमिनीत सतत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सोडावॉटरमधला वायू, सोडत असतात. मातीतल्या हवेत तो बाहेरच्यापेक्षा दहापट, कधी कधी शंभरपट असतो. तो पाण्यात मुरला की पाणी किंचित आंबट होतं आणि चुना विरघळवून खाली नेतं. पुढे पाणी सुकलं की तोच चुना पुन्हा घट्ट होतो. पाणी तापवायच्या बंबात आतून पांढरा थर धरतो ना, तसाच.

कोकणात 2500 ते 3500 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे चुना धुऊन जातो, म्हणून तांबड्या मातीत चुनखडी सापडत नाही. घाटाच्या पूर्वेला अवर्षणप्रवण भागात पाऊस जेमतेम 500 ते 600 मिलिमीटर. पाणी थोडं खाली जातं आणि वाटेतच सुकतं. चुना तिथेच थर धरून बसतो.

वरून काळीभोर दिसणारी जमीन म्हणूनच फसवते. संत्रा-मोसंबीची कलमं दोन-तीन वर्षं छान वाढतात. मुळं चुनखडीच्या थराला टेकली की मग केवडा पडतो. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते झाडाला मिळत नाही.

काही जण म्हणतात, गंधक टाकून चुनखडी संपवू. जरा हिशेब करा. एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन सुमारे नऊ लाख किलो. त्यात दहा टक्के चुना धरला तर तो 900 क्विंटल झाला. तेवढा विरघळवायला जवळजवळ 290 क्विंटल गंधक लागेल! हे कोणाला परवडणार?

तेव्हा कलमं आणण्याआधी एक मीटर खोल खड्डा घ्या. प्रत्येक फुटाची माती वेगळी भरून माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या आणि मुक्त चुन्याचं प्रमाण विचारा. ते दहा टक्क्यांवर असेल तर संत्रा-मोसंबीच्या वाटेला जाऊ नका.

बाग आधीच लावलेली असेल तर शेणखत भरपूर घाला, ताग किंवा धैंचा गाडा. त्यांच्या कुजण्याने मुळांजवळचा थोडा चुना विरघळतो आणि अन्नद्रव्यं मोकळी होतात. स्फुरद खत शेणखतात मिसळूनच द्या. केवडा दिसला तर एका लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस या प्रमाणात ऊन उतरल्यावर फवारणी करा.

खड्डा खणायला एक दिवस लागतो. वाळलेली बाग उपटताना मात्र पाच-सहा वर्षांची मेहनत मातीत जाते. आधी खड्डा, मग कलम.