मुक्या यंत्राचा आवाज

चढउतारांच्या बंगळुरात फिरत्या घराला सपाट जागा मिळणे कठीण. आणि त्यातील प्रोपेन वायूवर चालणाऱ्या फ्रिजला नेमकी तीच हवी असते. १९२२ साली फॉन प्लाटेन व मुंटर्स या दोघा स्वीडिश विद्यार्थ्यांनी योजलेल्या या शीतचक्रात फिरणारा भाग एकही नाही. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, निवून द्रवरूप होतो, हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याचे बाष्प होताना कपाटातील उष्णता शोषतो आणि पुन्हा पाण्यात विरतो. असे निःशब्द यंत्र कुरकुरू लागले, तर त्याला काही सांगावयाचे आहे असेच समजावे.

घुरघुर ऐकू आली, तर प्रथम पाणसळ लावून पाहावी. द्रव गुरुत्वाकर्षणानेच परत वाहतो. कलत्या जागी तो तुंबतो, आणि असे फार काळ चालले तर नळ्या कायमच्या निकामी होतात. क्वचित मागचा विजेचा पंखाच खडखडत असतो. तो दोष सर्वांत स्वस्त.

फुरफुर मात्र ज्योतीची. बर्नरमध्ये कोळ्याचे जाळे किंवा धुराड्यात काजळी असू शकते. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसली, तर प्रश्न आवाजाचा उरत नाही; बंद गाडीत निजलेल्यांना कार्बन मोनॉक्साइडचा रंग दिसत नाही, वासही येत नाही. वायू तत्काळ बंद करून खिडक्या उघडाव्यात, आणि जाणत्या कारागिराने बर्नर साफ करीपर्यंत ज्योत पुन्हा पेटवू नये.