लहान रुग्णालयातील मुक्काम



लखनौ शहरात मोठ्या रुग्णालयांची वाण नाही. १९११ साली सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आता विद्यापीठ झाले आहे. रायबरेली मार्गावर संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. तथापि अनेक कुटुंबे रुग्णाला प्रथम नेतात ते घराजवळच्या दहा-वीस खाटांच्या रुग्णालयात. तेथे डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो आणि परिचारिका हाकेच्या अंतरावर असते. हा दिलासा खराच. परंतु त्यावर विसंबून काहीच न विचारणे धोक्याचे असते.

अशा रुग्णालयात शल्यचिकित्सक आणि भूल देणारे तज्ज्ञ बहुधा बोलावल्यावर बाहेरून येतात. रक्त दुसरीकडच्या रक्तपेढीतून आणावे लागते. अतिदक्षता विभाग असेलच असे नाही. यात कमीपणा काही नाही. साध्या आजारावर व नेहमीच्या शस्त्रक्रियेवर तेथे उत्तम उपचार होऊ शकतात. परंतु ही मर्यादा मध्यरात्री, रुग्णाचा श्वास अडखळू लागल्यावर, प्रथमच कळावी हे मात्र अक्षम्य होय. त्या वेळी शोधाशोधीत गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. म्हणून दाखल होतानाच विचारावे: रात्री कोणता डॉक्टर हजर असतो आणि त्याची पदवी कोणती? रक्त कोठून येईल? प्रकृती बिघडल्यास रुग्णाला कोठे व कोणत्या वाहनाने हलवतील?

असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. उत्तर प्रदेशाने स्वीकारलेल्या २०१० च्या चिकित्सालयीन आस्थापना कायद्याप्रमाणे तातडीच्या रुग्णाची प्रकृती आवाक्यात आणण्यासाठी शक्य ते उपचार देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. जीव वाचवणे हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच दिला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत आजाराची व खर्चाची माहिती, शस्त्रक्रियेपूर्वीची संमती आणि कागदपत्रांच्या प्रती यांचा समावेश आहे. औषधे कोणत्याही दुकानातून घेण्याची मुभाही तीत सांगितली आहे. स्त्री रुग्णाची तपासणी पुरुष डॉक्टर करीत असल्यास तेथे दुसरी स्त्री उपस्थित असावी, असेही तीत म्हटले आहे.

रुग्णाच्या सोबतीला राहणाऱ्या नातलगाला लखनौत 'तीमारदार' म्हणतात. लहान रुग्णालयात बराचसा भार त्याच्यावरच पडतो: औषधे आणणे, नमुने प्रयोगशाळेत पोहोचवणे, रात्री जागणे. त्याने एक वही जवळ ठेवावी. कोणते औषध केव्हा दिले, ताप किती होता, डॉक्टर काय म्हणाले, हे तीत लिहावे. रुग्णाला अन्यत्र हलवण्याची वेळ आली, तर पाठवणी-चिठ्ठी व तपासण्यांचे अहवाल हाती घेतल्यावाचून निघू नये. मात्र त्यांपायी निघण्यास उशीरही होऊ देऊ नये. नव्या डॉक्टरला रुग्णाचा इतिहास त्या कागदांवरूनच कळतो.

चांगले लहान रुग्णालय आपल्या मर्यादा लपवीत नाही. 'हे येथे होणार नाही' असे वेळीच सांगणारा डॉक्टर रुग्णाचा खरा हितचिंतक समजावा. ते ऐकल्यावर त्याच्यावर रागावणे नव्हे, तर त्वरेने निघणे, हे आप्तांचे कर्तव्य होय.