‘माणसं’ नावाचा रकाना

(माजी विद्यार्थी मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं आणि ‘आजचे विद्यार्थी आणि जग’ असा विषय दिला आहे. एवढ्या मोठ्या विषयावर बोलायची माझी कुवत नाही. गेल्या वर्षी आपल्याच शाळेतल्या नववीच्या सहा मुलांबरोबर मी सात महिने, दर शनिवारी संध्याकाळी, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बसत होते. तेवढंच सांगते.

राज्यशास्त्र शिकवणाऱ्या सध्याच्या बाई आपल्याला तीन वर्षांनी ज्युनियर. त्यांचा फोन आला. “ताई, मुलांना तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांवर प्रकल्प करायचाय. तुम्ही जहाजांचंच काहीतरी करता ना?” करते म्हणजे काय, तर कंटेनर बंदरात कधी पोचेल याचा अंदाज सांगणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते, त्यात मी गेली अकरा वर्षं आहे. जहाजावर मी एकदाही पाय ठेवलेला नाही. आपली शाळा खाडीच्या काठावर, मधल्या सुट्टीत आपण भरती-ओहोटी बघत डबा खाल्ला, आणि तरी माझ्या लेखी समुद्र म्हणजे अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे. पण बाईंना ‘हो’ म्हटलं.

पहिल्या शनिवारी मुलांनी वीस पानं पाठवली. शीर्षक होतं ‘तांबड्या समुद्रातील संघर्ष व जागतिक राजकारण’. सगळं इकडून तिकडून उचललेलं. मी गोड शब्दांत काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात बाईंनीच विचारलं, “यातलं तुम्हाला स्वतःला तपासून काय बघता येईल?” मुलं गप्प. खरं सांगायचं तर मीही गप्प. मग एकानं हळूच म्हटलं, “बाई, अंतर मोजता येईल.”

भूगोलाच्या खोलीतला तो पृथ्वीगोल आठवतो? ऑस्ट्रेलियावर पोचा आलेला? तो अजून आहे. मुलांनी त्याच्यावर दोरा ठेवून मोजलं. मुंबईहून रॉटरडॅमला, एकदा बाब-अल-मांदेबच्या सामुद्रधुनीतून आणि सुवेझ कालव्यातून, आणि एकदा आफ्रिकेला वळसा घालून. दोऱ्याचा हिशेब पुष्कळ चुकला, पण अगदीच वेडावाकडा नव्हता. खरे आकडे सुवेझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैल आणि वळशानं सुमारे १०,७००. ताशी १४ सागरी मैल वेग धरला तर दिवसाला ३३६ मैल होतात. म्हणजे एकीकडे एकोणीस दिवस, दुसरीकडे बत्तीस. तेरा दिवसांचा फरक मुलांनी फळ्यावर काढला. १८६९ मध्ये कालवा उघडला तो याच फरकासाठी, आणि नोव्हेंबर २०२३ पासून हूथींनी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर मोठ्या कंपन्यांनी जहाजं पुन्हा केप ऑफ गुड होपकडून न्यायला सुरुवात केली, ती हा फरक सोसून. हे गाळलेल्या जागा भरा या प्रश्नात आपणही शिकलो होतो. पण त्या हंगामात नाशिकची द्राक्षं युरोपला जायला किती दिवस जास्त लागले असतील, हे दोरा हातात घेऊन विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढचं काम म्हणजे तक्ता. ज्या जहाजांच्या बातम्या आल्या ती जहाजं कोणाची? मुलांना वाटलं एका रकान्यात भागेल. भागलं नाही. पाच रकाने झाले: झेंडा, मालक, चालवणारे, माल, माणसं. बाईंची अट अशी की दोन वेगवेगळ्या ठिकाणी खात्री झाल्याशिवाय तक्त्यात काही लिहायचं नाही. त्या अटीनं यादी पंचवीस जहाजांवरून पाचावर आली. मुलं हिरमुसली. मला मात्र तिथपासून हा प्रकल्प आवडायला लागला.

त्या पाचातलं पहिलं ‘एव्हर गिव्हन’. हे हल्ल्यातलं नाही, पण त्याच वाटेवरचं, म्हणून सरावासाठी घेतलं होतं. मार्च २०२१ मध्ये सुवेझ कालव्यात आडवं अडकलेलं चारशे मीटरचं जहाज. त्यावर विनोद पाठवले नाहीत असा या सभागृहात कोणी नसेल. झेंडा पनामाचा, मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, तांत्रिक देखभाल जर्मन कंपनीकडे, अडकलं इजिप्तमध्ये. आणि माणसं? पंचवीस, सगळे भारतीय. २९ मार्चला जहाज निघालं तेव्हा आपले विनोदही संपले. पण नुकसानभरपाईच्या वादात इजिप्तनं ते ७ जुलैपर्यंत ग्रेट बिटर लेकमध्ये रोखून ठेवलं होतं. रोज जहाजांचाच डेटा बघणाऱ्या मला हे मुलांकडून कळलं.

दुसरं ‘गॅलेक्सी लीडर’. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतलेलं. झेंडा बहामाचा, भाड्यानं घेतलेलं जपानी कंपनीनं, मालकीचा धागा एका इस्रायली उद्योजकापर्यंत जाणारा. त्या धाग्यापायी जहाज पकडलं गेलं. पण जहाजावरच्या पंचवीस जणांत इस्रायली एकही नव्हता. फिलिपिन्स, युक्रेन, बल्गेरिया, रोमानिया आणि मेक्सिको या देशांतली ती माणसं चौदा महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये सुटली. मुलांचा तक्ता तेव्हा पूर्ण होत आला होता. ती बातमी आली त्या शनिवारी कॉलवर इतका गोंधळ होता, की वर्गात कुणाचा वाढदिवस आहे असं वाटावं.

तिसरं ‘केम प्लूटो’, डिसेंबर २०२३. हे तर गुजरातच्या किनाऱ्यापासून साधारण दोनशे सागरी मैलांवर, मंगळूरकडे निघालेलं. ड्रोनचा मारा झाला. झेंडा लायबेरियाचा, बहुतेक सगळे खलाशी भारतीय, दुरुस्त होत होत मुंबईला आलं. चौथं ‘मार्लिन लुआंडा’, जानेवारी २०२४. क्षेपणास्त्र लागून आग लागली. बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी. आग विझवायला आपली ‘आयएनएस विशाखापट्टणम’ गेली. पाचवं ‘ट्रू कॉन्फिडन्स’, ६ मार्च २०२४. तिथं तीन खलाशी गेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. वाचलेल्यांना ‘आयएनएस कोलकाता’नं बाहेर काढलं.

मुलांना सर्वांत त्रास कुठल्या रकान्यानं दिला, तर शेवटच्या. जहाजाची लांबी, वजन, बांधणीचं वर्ष, विमा, सगळं मिळतं. माणसं किती आणि कुठली, हे शोधायला बातम्यांच्या तळाशी जावं लागतं. जगातला ऐंशी टक्क्यांहून जास्त माल समुद्रातून जातो, हे प्रत्येक अहवालात पहिल्याच पानावर असतं. नेणारे कोण, ते मागे कुठेतरी.

आता माझी गोष्ट. प्रत्येक मोठं जहाज एआयएस नावाच्या यंत्रणेवरून स्वतःची माहिती सतत प्रक्षेपित करत असतं. ओळख क्रमांक नऊ आकडी. पहिल्या तीन आकड्यांवरून झेंडा कळतो, भारताचा ४१९. मुलांना हे फार आवडलं, दोन महिने जो तो एकमेकांना आकड्यांवरून देश विचारत होता. त्याच संदेशात ‘पुढचं बंदर’ असा एक रकाना असतो, वीस अक्षरांचा, जहाजावरचा अधिकारी हातानं भरतो. हातानं भरायचा रकाना म्हटल्यावर काय होतं ते आमच्या धंद्यातल्या लोकांना विचारा. न्हावा शेवासाठी कुणी ‘आयएनएनएसए’ लिहितं, कुणी पूर्ण नाव, कुणी नुसतं ‘मुंबई’. ते साफ करणं हे माझं काम. जानेवारी २०२४ मध्ये त्या रकान्यात भलतंच काहीतरी यायला लागलं. बंदराच्या नावाशी जुळेना, अंदाज बिघडायला लागले, ग्राहकांच्या तक्रारी आल्या. मी एका दुपारी फिल्टर लिहिला: जे बंदरांच्या यादीत नाही ते कचरा, फेकून द्या. तक्रारी थांबल्या. टीम मीटिंगमध्ये माझं कौतुकही झालं.

मुलांना सरावासाठी त्या महिन्यांतला थोडा कच्चा डेटा हवा होता. कंपनीची परवानगी काढून, ग्राहकांचं काही त्यात नाही याची खात्री करून, मी दिला. फिल्टर लावायच्या आधीचा. पुढच्या शनिवारी एका मुलीनं विचारलं, “ताई, हे कुठलं बंदर?” आणि वाचून दाखवलं. ऑल चायनीज क्रू. दुसऱ्या ओळीत, नो लिंक इस्रायल. तिसऱ्या ओळीत, आर्म्ड गार्ड्स ऑनबोर्ड.

बंदर नव्हतं ते. बाब-अल-मांदेबमधून जाताना किनाऱ्यावरून आपल्याकडे बघणाऱ्यासाठी जहाजावरच्यांनी लिहिलेलं होतं. आमचा संबंध नाही, आम्हाला मारू नका. यासाठी त्यांच्या हातात तो वीस अक्षरांचा रकाना होता, आणि मी तो कचऱ्यात टाकत होते. कोडच्या दृष्टीनं माझं काही चुकलं नव्हतं, हे मी तेव्हा मुलांना दोनदा सांगितलं. ती ऐकून घेत होती.

विचारणाऱ्या मुलीचे वडील बोटीवर आहेत. इंजिनरूममध्ये. हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याच जानेवारीत त्यांची बोट त्या भागातून गेली. घरी आई रोज रात्री फोनवर बोटीचं टिंब बघायची. ते दोन दिवस दिसेनासं झालं. धोक्याच्या पट्ट्यात बऱ्याच बोटी एआयएस बंद करून जात होत्या, तशीच ही. आमच्या स्क्रीनवर अशा जहाजापुढे पिवळी खूण येते, ‘सिग्नल नाही’. तिच्या घरी दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. वडिलांनी नंतर एवढंच सांगितलं, “नेट नव्हतं.”

मुलांना वाचनात सापडलं होतं, की डिसेंबर २०२३ मध्ये खलाशांच्या संघटना आणि जहाजमालक यांच्यात आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं: त्या करारातल्या जहाजांवरच्या खलाशाला तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात जायला नाही म्हणता येईल. मग नाही का म्हणत नाहीत? मुलीनं सुट्टीवर आलेल्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “आणि पुढचं कॉन्ट्रॅक्ट?” हे उत्तर तक्त्यात घालायचं का, यावर मुलांत वाद झाला. बाईंची अट दोन ठिकाणच्या खात्रीची. शिवाय मुलगी म्हणाली, बाबांची बोट नको. म्हणून सहावी ओळ आखली आहे, ती कोरी आहे. तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षकांनी ‘तक्ता अपूर्ण’ म्हणून गुण कापले. माझ्या मते कापायला नको होते, पण मी परीक्षक नव्हते.

ऑफिसात मी फिल्टर बदलला आहे. बंदर नसलेला मजकूर आता वेगळा साठवला जातो. ग्राहकाला तो दिसत नाही, आणि साठवण्याचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा हा प्रश्न मला दोनदा विचारून झाला आहे. अजून तरी तो चालू आहे.

तो तक्ता आज भूगोलाच्या खोलीत लावला आहे, सहाही मुलं तिथं आहेत. आपल्या वर्गातले तिघं बोटीवर जातात, दोघं आज आलेत. पुढच्या वर्षीच्या मुलांना शेवटच्या रकान्यासाठी बोटीवरच्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. ज्यांच्या घरात कुणी बोटीवर होतं किंवा आहे, त्यांनी चहा घेतल्यावर कृपया तिकडे डोकवावं. नाव द्यायचं नसेल तर ती लिहिणार नाहीत, बाईंनी तसं बजावलंय. प्रश्न फार विचारतात, तेवढं सांभाळून घ्या.