मांजरीचा पाय मोडला तर
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत पशुसखीने दिलेली माहिती)



गाय लंगडली की आपण लगेच डॉक्टरांना फोन करतो. मांजर लंगडली की म्हणतो, "राहू दे, होईल आपोआप." पण घरातलं धान्य उंदरांपासून राखते ती हीच ना?

पाय लोंबकळतोय, सुजलाय, जमिनीला टेकवतच नाही, तर हाड मोडलं असेल असं समजा. दुखत असलं की पाळलेली मांजरसुद्धा चावते, म्हणून जाड टॉवेलात गुंडाळून उचला आणि भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा. पाय ओढून सरळ करू नका, काड्या लावून आवळू नका. रक्त अडलं तर पाय कायमचा जातो. आणि आपली तापाची, अंगदुखीची गोळी तर मुळीच देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर मरू शकते.

त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. तिथे एक्स-रे नसेल तर कुठे होईल ते डॉक्टरांनाच विचारा. प्लास्टर घातलं की काही आठवडे एका खोलीत ठेवा, उड्या मारू देऊ नका. बोटं सुजली, थंड पडली किंवा वास आला तर लगेच परत दाखवा.

तुम्हाला चावली, ओरबाडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी आरोग्य केंद्र गाठा. हळद-चुना लावून बसू नका.

"मांजरीसाठी कुणी दवाखाना करतं का?" असं कुणी हसलं तर हसू द्या. तिला सांगता येत नाही, आपल्याला येतं.